सव्वापाच वजा पावणेतीन

६ जून

ताई,

आधी पोटभर रागावून घे आणि मग पुढे वाच. तुझ्या मागच्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण प्रकाशकांनी माझं डोकं खाल्लंय. पाचवीच्या गणिताचं सराव पुस्तक त्यांना महिनाअखेर हातात हवंय आणि एक प्रकरण माझ्या मानगुटीवर बसलंय: पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, आणि तीही शाब्दिक उदाहरणं. नुसते आकडे दिले तर मुलं फटाफट करतात. तेच गणित 'एका माणसाने' असं सुरू झालं की वर्गात शुकशुकाट.

मला मनाने उदाहरणं रचता येत नाहीत हे तुला ठाऊक आहे. रचायला गेले की माझा दुकानदार साडेतीन गाढवं विकायला लागतो. तुझ्या घरातली खरी मापं मिळाली की गणित कसं दोन पायांवर उभं राहतं. तेव्हा नेहमीसारखी मापं पाठव. कापड, पाणी, भाऊजींची पायपीट, असेल ते. गोल आकडे नकोत. आणि वजाबाकी करताना पूर्णांकातला एक उसना घ्यावा लागेल अशी दे, मुलांना जरा घाम फुटू दे.

फोन केला असता गं. पण मागच्या वेळी मी सुट्टीत येऊ का विचारलं आणि तू मला गुडघ्याच्या तेलाचं सांगत बसलीस. तुझ्या कानांपुढे मी हात टेकले. पत्रच बरं.

धाकटी

१२ जून

धाकटे,

तुला माझी आठवण फक्त वजाबाकीच्या वेळी येते. आई म्हणायची, ही मुलगी गोड बोलायला लागली की समजावं हिला काहीतरी हवंय. घे तुझी मापं, आणि बस त्यांची लोणची घालत.

इथल्या शाळेच्या सभागृहाचे पडदे शिवायचं काम आलंय. कापड आहे सव्वाआठ मीटर. पडद्यांना साडेचार जाणार, उरेल त्याची टेबलांची आच्छादनं. किती उरेल ते तू काढ, तुला पगार त्याचाच मिळतो.

आता तुझ्या भाऊजींचं. पंपघरापासून वरच्या टाकीपर्यंत पाण्याचा पाइप सव्वापाच किलोमीटर आहे. रोज तो चालत तपासायचा, कुठे गळतंय, कुठे गंजलंय. पावणेतीन किलोमीटरवर व्हॉल्व्हची खोली आहे, तिथे बसून डबा खातात. खाऊन झालं की पान्याने पाइपवर तीन टोले मारतात आणि वर टाकीकडे निघतात. पाइप आपल्या अंगणातूनच जातो ना! कान गेले तरी माझा हात शाबूत आहे. दुपारी काम बाजूला ठेवून मी पाइपवर तळवा ठेवते. ठण, ठण, ठण, तळव्यात बरोबर लागतं. समजायचं, माणूस जेवला. आख्ख्या संसारात या माणसाने मला एक प्रेमपत्र लिहिलेलं नाही, पण हे तीन टोले कधी चुकवले नाहीत.

ते विचारतायत की पुस्तकात नाव येणार का. मी म्हटलं, ती बाई कुणाचंच नाव घालत नाही, सगळ्या जगाचा 'एक कामगार' करून टाकते.

तुझी ताई

२४ जुलै

ताई,

पुस्तक झालं! वेगळ्या पाकिटातून पाठवलंय. तुमच्या भागातल्या आणि आमच्या भागातल्या झाडून सगळ्या शाळांनी घेतलंय, त्यामुळे प्रकाशक सध्या माझ्याशी माणसासारखं बोलतात. तुम्हा दोघांसाठी इथेच उतरवून देते:

'उदाहरण १२. एका कामगाराला पंपघरापासून टाकीपर्यंत ५ १/४ किमी अंतर चालायचे आहे. २ ३/४ किमी चालल्यावर तो विश्रांतीसाठी थांबला. त्याला आणखी किती अंतर चालावे लागेल?'

'उदाहरण १४. एका शिंपीकाम करणाऱ्या बाईंकडे ८ १/४ मीटर कापड होते. त्यांनी पडद्यांसाठी ४ १/२ मीटर कापड कापले. किती कापड उरले?'

उत्तरं शेवटच्या पानावर उलटी छापलीयत. ती सूची मी शेवटच्या दिवशी अंगात ताप असताना, पांघरुणात बसून, सगळी तोंडी काढली. भाऊजींना सांग, आता हजारो मुलं रोज त्यांच्याबरोबर चालणार.

धाकटी

९ ऑगस्ट

धाकटे,

पुस्तक पोचलं. तुझ्या भाऊजींनी बारावं उदाहरण मोठ्याने वाचून दाखवलं, मग शेजाऱ्यांना वाचून दाखवलं, मग दूधवाला सापडला त्याला वाचून दाखवलं. माझं चौदावं कुणी वाचलं नाही. शिंपिणीला कोण विचारतो!

एक गंमत सांगते. पडदे कापून झाल्यावर उरलेलं कापड मोजलं तर पावणेपाच मीटर भरलं. कापड आलं तेव्हा मी स्वतः मोजून घेतलं होतं, पावणेचारच उरायला हवं होतं. पुन्हा मोजलं. टेप बदलून मोजलं. एक मीटर जास्तीचं. मी म्हटलं, देवाने शिंपिणीकडे कधी नव्हे ते बघितलं, आता कशाला वाद घाला? तो जास्तीचा मीटर कापून त्यात माझी मोठी कात्री गुंडाळून ठेवली, पितळी मुठीची. कापड मात्र जरा विचित्र आहे. रंग तोच, वीण तीच, पण हाताला लागत नाही. म्हणजे लागतं, पण पाण्यात हात घातल्यावर पाणी जेवढं लागतं तेवढंच.

तुझे भाऊजी हल्ली उशिरा येतात. म्हणतात, व्हॉल्व्हच्या खोलीपुढचा रस्ता लांबलाय. मी म्हटलं, रस्ता नाही लांबला, तुमचं वय लांबलंय. हसले नाहीत. एरवी माझ्या फुटकळ विनोदालाही हसतात.

तुझी ताई

१७ ऑगस्ट

ताई,

तुझं पत्र वाचून मी आधी पुस्तक उलटं धरलं आणि मग कपाळाला हात लावला. चौदाव्याचं उत्तर चुकलंय! सव्वाआठातून साडेचार जाताना पाव मीटरातून अर्धा जात नाही, म्हणून आठातला एक उसना घ्यायचा. पावाचे झाले पाच चतुर्थांश, त्यातून दोन चतुर्थांश गेले, उरला पाऊण. इथवर ठीक. पण उसना घेतला की आठाचे सात करायचे असतात, ते मी केलेच नाहीत. आठातून चार, चार. छापलंय पावणेपाच! वर्गात मी ज्या चुकीसाठी घसा कोरडा करते, तीच माझ्या पुस्तकात. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तुझ्याकडेही नेमकं पावणेपाच भरलं, हे वाचून क्षणभर अंगावर काटा आला. पण योगायोग म्हणून असतोच की! दुकानदाराने घडी घालताना चूक केली असेल आणि तू मोजताना. प्रकाशकांनी लगेच दुरुस्तीची पट्टी छापलीय, गुरुजी आणि बाई ती पुस्तकांत चिकटवतील. माझी अब्रू बोटभर कागदाने झाकली जाणार.

भाऊजींचे गुडघे डॉक्टरांना दाखव. त्यांचं ऐकू नकोस, ओढत ने.

धाकटी

५ सप्टेंबर

धाकटे,

आज तुझी चेष्टा करणार नाही. नीट वाच.

तुझी पट्टी इथल्या शाळेत आली. मी पडदे लावायला गेले होते, तेव्हा बाई समोरच बसून पुस्तकांत चिकटवत होत्या. घरी येऊन कात्री काढायला गेले तर कापड नाही. तो जास्तीचा एक मीटर नाही. आणि कात्रीही नाही. मशीनचे खण उपसले, पलंग हलवला. कापड गेलं त्याचं मला काही नाही, पण कात्री तर माझी होती, खरी होती, वीस वर्षं हातात होती! ती त्या कापडात गुंडाळलेली होती, एवढाच तिचा गुन्हा. आच्छादनांचं कापड मोजलं. पावणेचार. अगदी बरोबर.

आता दुसरं. तुझे भाऊजी ऑफिसातून अंतर मोजायचं चाक घेऊन वर गेले होते. व्हॉल्व्हच्या खोलीपासून टाकीपर्यंत साडेतीन किलोमीटर भरलं. ऑफिसच्या कागदावर पाइप सव्वापाचच आहे, आणि खालचे पावणेतीन पावणेतीनच आहेत. मग हे साडेतीन कुठून आले?

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलले. म्हणाले, मध्ये एक तुकडा आहे. तिथे पाइपला सांधे नाहीत, कुणी एका दमात ओढल्यासारखा सलग. गंजाचा ठिपका नाही. गवत आहे, पण सगळी पाती एकाच उंचीची. खांब आहेत, त्यांवर नंबर नाहीत. दगड उचलला तर खाली मुंगी नाही, ओल नाही, काही नाही. तिथे डबा उघडला तर भूक लागत नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात. म्हणाले, ज्याने हा रस्ता कधी बघितलेलाच नाही अशा कुणीतरी तो बनवलाय असं वाटतं.

तू व्हॉल्व्हच्या खोलीपलीकडे कधी गेली आहेस का गं?

तुझं बारावं उदाहरण बघ. आणि ते चुकलं असेल तर मला विचारल्याशिवाय कसलीही पट्टी पाठवू नकोस. रोज दुपारी माझा माणूस त्या तुकड्यात असतो. माझ्या कात्रीचं काय झालं ते आत्ताच सांगितलं.

ताई

११ सप्टेंबर

ताई,

हे पत्र हातात पडताक्षणी भाऊजींना घरी बसव. कामावर जाऊ देऊ नकोस. दाराला कडी घाल, पाय धर, काहीही कर.

बारावंही चुकलंय. तीच चूक. सव्वापाचातून पावणेतीन, पाचातला एक उसना घेतला आणि पाचाचे चार केले नाहीत. अडीचच्या जागी साडेतीन छापलंय. एक अख्खा किलोमीटर मी जास्तीचा घातला, आणि नाही, त्या बाजूला मी कधीच गेलेली नाही.

तुझं पत्र घेऊन मी धावत प्रकाशकांकडे गेले. तर ते हसून म्हणाले, 'बाई, काळजी सोडा. आम्ही अख्खी सूची तपासून घेतली. बारावंही सापडलं. दुसरी पट्टी परवाच टपालात टाकलीय.' केवढ्या अभिमानाने सांगत होते! मी तिथेच खुर्चीत बसले. पाणी आणून दिलं त्यांनी. त्यांना वाटलं, मला चुकीची लाज वाटतेय.

पट्टी या पत्राच्या आधी पोचली तर? ताई, मला विचार करवत नाही. त्यांना वर जाऊ देऊ नकोस.

धाकटी

१९ सप्टेंबर

धाकटे,

तुझं पत्र उशिरा आलं. तुझ्यावर राग नाही. टपाल टपालाच्या चालीने येतं.

त्या दिवशी दुपारी तीन टोले तळव्यात लागले. मी निर्धास्त झाले. संध्याकाळी आले नाहीत. ऑफिसची माणसं पाइपाच्या कडेने चालत थेट टाकीपर्यंत गेली. व्हॉल्व्हच्या खोलीत रिकामा डबा मिळाला, पुढे कुणीच नाही. मी विचारलं, वरचं अंतर किती भरलं? म्हणाले, किती म्हणजे? अडीच. नेहमीचंच. मग मी शाळेत जाऊन आले, पट्टी त्याच दुपारी चिकटवली होती.

सगळ्यांनी समजूत घातली. दरीत पडले असतील म्हणाले. तिथे दरी नाही, मुळात खड्डासुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी मी उगाच पाइपवर हात ठेवला. सवयीने. ठण, ठण, ठण. मी घरात धावले. हातोडी घेऊन तीन टोले परत मारले. थोड्या वेळाने तीन परत आले. हे वारं नाही आणि पाणी नाही. इतकी वर्षं मी तो हात ओळखते, तिसरा टोला जरा हलका असतो, कारण तेव्हा यांचं लक्ष पाना खिशात ठेवण्याकडे असतं.

ते गेलेले नाहीत. कात्रीसारखे गेलेले नाहीत. का, याचं गणित मी माझ्या परीने मांडलंय. चौदाव्याची पट्टी सगळीकडे चिकटली असेल, बाराव्याची अजून सगळीकडे पोचली नसेल. कुठेतरी एखाद्या शाळेत अजून साडेतीनच बरोबर आहे. तेवढ्यापुरता तो तुकडा टिकून आहे आणि तेवढ्यापुरते ते आत आहेत. पण इथल्या शाळेत पट्टी चिकटली, म्हणून इकडचं टोक बंद झालंय. बाहेर यायला रस्ता नाही.

तू गणिताची बाई आहेस. तुझ्याकडे मी कधी काही मागितलेलं आठवत नाही. आता मागते. ते उत्तर परत साडेतीन कर. जेवढ्या शाळांत होईल तेवढ्या शाळांत. पोरांना खोटं शिकवायला सांगतेय हे मला कळतं. तरी सांगते.

ताई

८ ऑक्टोबर

ताई,

रजा टाकली आणि शाळा पालथ्या घातल्या. प्रत्येक ठिकाणी एकच थाप: 'बाराव्याची पट्टी चुकून छापली गेली, मूळ उत्तरच बरोबर आहे.' पुस्तकावर माझं नाव आहे ना! कुणीही कागद घेऊन पडताळून बघितलं नाही. बाई म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. गुरुजी म्हणाले, चहा घ्या. आणि माझ्यासमोर पट्ट्या ओल्या करून सोलून काढल्या. मी आभार मानून बाहेर आले आणि फाटकाशी उभी राहून रडले.

बऱ्याच शाळांत झालं. तुमच्या गावातल्या बाईंना पत्र लिहिलंय, त्याही काढतील. एकाच ठिकाणी गाडी अडली. मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक आहेत, फळ्याकडे गेले, खडू घेतला आणि माझ्यासमोर गणित सोडवलं. अडीच. मला म्हणाले, 'बाई, तुमची तब्येत बरी नाही का?' त्यांचं बरोबर होतं.

पाइपवर हात ठेवलास की लगेच कळव. माझा जीव टांगणीला लागलाय.

धाकटी

१४ ऑक्टोबर

धाकटे,

घाईत लिहितेय, टपाल निघायचंय.

रस्ता लांबला. आज सकाळी मी व्हॉल्व्हच्या खोलीपर्यंत चालत गेले, आणि पुढे बघितलं तर पाइपचे सांधे संपलेले. गवत एका उंचीचं. सगळं ते म्हणाले होते तसंच. मी तिथून हाक मारली. त्यांनी दिलेली ओ मला ऐकू येणं शक्यच नाही, पण पाइपवर हात ठेवला तर टोले अगदी जवळ लागले. दमलेत गं, एकट्याने चालवत नसेल. आता तिन्ही टोले हलके आहेत.

आधी तुला कळवावं म्हणून परत आले, उद्या मी आत जाते. डबा घेतलाय, तिथे भूक लागत नाही म्हणतात पण माझ्या हातचं बघून लागेल. हाताला धरून बाहेर आणते. तू कशालाही हात लावू नकोस, उत्तर आहे तसं राहू दे. भीती वाटते, नाही कशी वाटणार? पण घरी बसून एकटीने पाइपवर हात ठेवण्यापेक्षा हे बरं.

घराची किल्ली शेजारी ठेवलीय.

ताई

२ डिसेंबर

ताई,

हे पत्र व्हॉल्व्हच्या खोलीतल्या फळीवर ठेवून यायला सांगणार आहे. भाऊजींच्या जागी आलेला नवीन माणूस तिथून रोज जातो, पण तुमच्या तुकड्यात कुणीच जाऊ शकत नाही. तुला मिळेल का, ठाऊक नाही. पण न लिहून काय करू?

तू आत गेलीस त्याच दिवशी त्या मुख्याध्यापकांनी जवळपासच्या सगळ्या शाळांना फळ्यावरचं गणित लिहून पाठवलं आणि बरोबर नव्या पट्ट्या. चांगला माणूस आहे, मुलांच्या भल्यासाठी केलं. तुमच्या बाईंनीही स्वतः पडताळून चिकटवली, आता त्या माझं ऐकत नाहीत. टोक पुन्हा बंद झालं.

मी तुझ्या घरी जाऊन आले. मशीनवर अर्धा शिवलेला सदरा तसाच आहे, मी झाकून ठेवला. मग अंगणात बसून पाइपवर तळवा ठेवला. किती वेळ गेला कुणास ठाऊक. आणि लागले, ताई. आधी पान्याचे तीन. मग लगेच दुसरे तीन, वेगळे, डब्याच्या झाकणाने मारल्यासारखे. तू सापडलीस त्यांना. त्या अंगणात मी एकटीच हसले आणि एकटीच रडले. मीही टोले मारले, तुम्हाला लागले का?

आता सगळं माझ्यावर आहे. आमच्या भागातल्या काही शाळा अजून माझं ऐकतात. पण रोज कुठेतरी कुणी हुशार मूल कागद घेऊन बसतं आणि त्याचं अडीच येतं. सगळीकडे अडीच झालं तर तुम्ही कात्रीसारखे जाल. तेव्हा माझ्या हातातल्या एकाही शाळेत मला अडीच होऊ देता येत नाही. प्रकाशक नवी आवृत्ती काढतायत. मी सूचीत साडेतीन तसंच ठेवलं, त्यांना म्हटलं, मी स्वतः तपासलंय.

काल माझ्याच वर्गात बारावं उदाहरण सोडवायला दिलं. सगळ्यांनी सूची बघून साडेतीन लिहिलं. खिडकीजवळ बसणारी एक मुलगी आहे, अबोल, शाळा सुरू झाल्यापासून तिने कधी हात वर केला नव्हता. तिने सूची बघितलीच नाही. एकेक पायरी नीट मांडली: पाचातला एक उसना, पाचाचे चार, पावाचे पाच चतुर्थांश, उत्तर अडीच. कुठे खाडाखोड नाही. वही घेऊन टेबलापाशी आली आणि मी काही म्हणण्याआधीच तिच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. तिला कळलं होतं की आपल्याला आलंय. शिकवायला लागल्यापासून मी याच चेहऱ्यासाठी रोज शाळेत जाते.

मी लाल पेनाने फुली मारली.

ती म्हणाली, 'बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना, उसना घेतला की कमी करायचा?'

मी म्हटलं, 'इथे नाही करायचा. पाचाचे पाचच ठेव.'

'पण का बाई?'

'सांगितलं तेवढं कर.'

ती जागेवर गेली. खोडरबराने सगळ्या पायऱ्या खोडल्या, एकही ओळ ठेवली नाही. डोळे पुसत पुसत साडेतीन लिहिलं आणि वही पुन्हा आणून दिली. मी बरोबरची खूण केली. आणि ताई, वर्गासमोर मी तिला शाबासकी दिली.

तुझी धाकटी